भांग रुंद होत चाललाय, पीआरपीचं पॅकेज घेऊ का थांबू?

भांगातली_वाट

नमस्कार मंडळी, एरवी मी रोमातच (नुसती वाचत) असते पण आता राहवत नाहीये म्हणून धागा काढतेय. वय ३४, चिंचवडला असते, नोकरी आयटीत, मुलगा ४ वर्षांचा. ऑगस्टमध्ये डेंगी झाला होता, प्लेटलेट्स पार खाली गेल्या, ४ दिवस ॲडमिट, नंतर महिनाभर अंगात त्राण नव्हतं. ते निस्तरलं म्हणतेय तोवर दिवाळीत पहिल्या आंघोळीला आई डोक्याला तेल चोळत होती आणि मध्येच थांबली. काही बोलली नाही. मी मागे वळून बघते तर तिच्या बोटांत हा एवढा पुंजका. तेव्हापासून बाथरूमची जाळी, उशी, लॅपटॉपचा कीबोर्ड, एकदा तर मुलाच्या पोळीत, सगळीकडे माझेच केस.

मी म्हटलं डेंगीनेच असणार, येतील परत. पण परवा बहिणीच्या लग्नाचे फोटो बघत होते, २ वर्षांपूर्वीचे, त्यात एक जिन्यावरून काढलेला आहे आणि त्यात माझा भांग तेव्हाच चांगला रुंद दिसतोय, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं!! आईचंही तसंच आहे, पन्नाशीनंतर तिची टाळू दिसायला लागली. वेणी घातली की खाली उंदराची शेपटी.

मग घाबरून एका क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टर भेटलेच नाहीत, एक 'काउन्सेलर' होती, तिने छोटा कॅमेरा डोक्यावर फिरवून स्क्रीनवर माझी टाळू दाखवली (चंद्रावर उतरल्यासारखं दिसत होतं) आणि म्हणाली मॅडम स्टेज टू आहे, ६ सेशन पीआरपी (आपलंच रक्त काढून डोक्यात टोचतात म्हणे), सीरम आणि बायोटीन (एक बी व्हिटॅमिन) मिळून ४८ हजार, आज बुक केलंत तर ३९. मी 'नवऱ्याला विचारून सांगते' म्हणून पळून आले, आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य कामाला आलं.

ऑपरेशन, ट्रान्सप्लांट वगैरे नकोय. त्याशिवाय खरंच काही होतं का? आणि कारण नक्की काय धरायचं, डेंगी, आई, की आमच्या सोसायटीचं टँकरचं पाणी? सध्या बायोटीनच्या गमीज खातेय, मैत्रिणीने दिल्यात.

माका_जास्वंद

अगं घाबरू नकोस. मी गुहागरची, वय ५८. आमच्याकडे लोखंडी कढईत माका, ब्राह्मी, जास्वंदीची फुलं आणि घाण्याचं खोबरेल असं मंद आचेवर रस आटेपर्यंत कढवतात, आठवड्यातून दोनदा लावून शिकेकाईने न्हायचं. माझे केस गुडघ्यापर्यंत होते. होते म्हणतेय कारण पाळी गेल्यावर माझेही विरळ झालेच, खोटं कशाला सांगू, तेल तेच, कढई तीच. तरी केसांना मऊपणा येतो आणि डोकं शांत होतं, झोप लागते. माझ्या आत्याला मी लहानपणी गंगावन लावताना बघितलंय, तेव्हा हसायचो आम्ही, आता आठवलं की वाईट वाटतं.

बाळंतपणात गळले होते का तुझे? आमच्याकडे म्हणतात बाळ आईला ओळखून हसायला लागलं की आईचे केस जातात.

टकलू_तात्या

ठाण्याहून, वय ४१, या विषयात डॉक्टरेट, फक्त विद्यापीठाने अजून दिली नाही. २३ व्या वर्षापासून कपाळ मागे सरकायला लागलं. कांद्याचा रस लावून ऑफिसला गेलोय (बॉसने शेजारची खुर्ची बदलून घेतली), 'मुळापासून उपचार' म्हणत एका वैद्यबुवांनी ६ महिने कडू काढा पाजला, एक हेल्मेटसारखं लेझर पण घेतलं, ते आता पोरगा अवकाशवीर खेळायला वापरतो.

काम केलं ते मिनॉक्सिडिलने. हे मूळचं बीपीचं औषध बरं का, गोळ्या खाणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस यायला लागले तेव्हा कंपनीला सुचलं की हे डोक्याला लावून बघू, १९८८ ला अमेरिकेत टकलासाठी मंजूर झालं. मी २६ व्या वर्षी सुरू केलं आणि पहिल्या महिन्यात जे गळले ना की बाटली खिडकीतून फेकणार होतो. ते तसंच असतं म्हणे, जुने केस ढकलून नवे येतात. ५-६ महिन्यांनी फरक दिसला. सोबत फिनास्टेराइडची १ मिग्रॅची गोळी पण होती, ती पुरुषांसाठीच, ज्या बायकांना मूल व्हायचं असेल त्यांनी तिच्या वाटेला पण जायचं नाही, तुटलेली गोळी हातात सुद्धा घेऊ नये म्हणतात. रक्तदान पण करता येत नाही ती चालू असताना, बंद केल्यावरही महिनाभर थांबायचं.

मग लॉकडाऊन आला, कोण बघतंय म्हणून दोन्ही सोडलं, ५ महिन्यांत सगळी कमाई गेली. म्हणजे हे भाड्याचं घर आहे, भाडं थांबलं की बाहेर. आता मशीन फिरवतो आणि मजेत आहे, पण माझं सोडा, बाईमाणसाला तो पर्याय लोक देत नाहीत.

आणि 'टक्कल आईच्या बाजूने, मामाकडे बघा' हे पण तितकंसं खरं नाही. माझ्या मामाचं डोकं अजून काळंभोर, वडिलांचं विमानतळ.

कातडीबचावू

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाव सांगत नाही, इथे कुणाला तपासताही येत नाही, तरी थोडं सविस्तर लिहितो कारण रोज ओपीडीत अशी एक तरी जण पॅकेजची पावती घेऊन येतेच.

ताई, तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि तुम्ही (आणि त्या काउन्सेलरनेही) त्या एकच धरल्यात. केस गळणं वेगळं आणि केस विरळ होणं वेगळं. डोक्यावर साधारण १ लाख केस, प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, २-३ आठवडे थांबायच्या तयारीत, मग सुमारे ३ महिने नुसता बसून राहतो आणि पडतो. रोज ५०-१०० पडणं हिशोबातलंच आहे, आठवड्यातून दोनदाच धूत असाल तर ३-४ दिवसांचे एकदम जाळीत दिसतात आणि माणूस हादरतो. आता मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, उपाशी राहून झटक्यात उतरवलेलं वजन, असं काही झालं की वाढीतले पुष्कळ केस एकदमच बसून घेतात आणि २-३ महिन्यांनी एकदमच पडतात. ऑगस्टचा डेंगी, दिवाळीतला पुंजका, तारखा जुळतायत बघा. कोविडनंतर हेच झालं होतं लोकांना. माका_जास्वंद काकू, तुमचं ते बाळ हसण्याचं गणित अगदी बरोबर आहे, बाळ ओळखून हसतं साधारण त्याच सुमारास आईचे केस जातात, बाळाचा त्यात काही दोष नाही :) याने टक्कल पडत नाही, मूळ शाबूत असतं, बहुतेकांचं ६ महिन्यांत थांबतं आणि केस परत येतात.

पण फोटोतला भांग डेंगीच्या दोन वर्षं आधीचा आहे. तो बहुधा आईकडून (किंवा वडिलांकडून, दोन्हीकडून येतं) आलेला. यात केस पडून संपत नाहीत, प्रत्येक फेरीत आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतात, शेवटी लव उरते. पुरुषांत कपाळ आणि शेंडी, बायकांत मधला भांग पसरतो आणि पुढची रेघ तशीच राहते. पुरुषांत हे डीएचटी नावाच्या हार्मोनचं काम, बायकांत इतकं सरळ नाही, कित्येकींचे हार्मोन रिपोर्ट नॉर्मलच येतात. पाळी अनियमित, हनुवटीवर केस, पिंपल्स असं काही असेल तर मात्र पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोनचा बिघाड) बघावं लागतं. म्हणजे डेंगीने तुमची जुनी गोष्ट फक्त उघडी पाडली असं माझं मत. कॅमेरा वाईट नाही हो, तोच कॅमेरा आम्ही वापरतो, पण बघायचं असतं जाड आणि बारीक केसांची सरमिसळ किती आहे, नुसतं मोठं करून कुणाचीही टाळू चंद्रासारखीच दिसेल.

घरी एक करून बघा. एक दिवस केस न धुता ५०-६० केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढा. ५-६ पेक्षा जास्त हातात आले तर गळती चालू आहे. आलेल्या केसाच्या टोकाला पांढरी गाठ असेल तर तो मुळातून आलाय, नसेल तर मधेच तुटलाय, तुटण्याची कारणं वेगळी (स्ट्रेटनिंग, ओल्या केसांवर फणी).

पैसे आधी रक्ततपासणीवर घाला. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी१२, व्हिटॅमिन डी. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, हिमोग्लोबिन बरं असूनही तो रिकामा असू शकतो, पाळीत जास्त जाणाऱ्या बायकांत तर सर्रास. आणि त्या गमीज तपासणीआधी २-३ दिवस बंद करा, बायोटीनचा मोठा डोस थायरॉइडचा रिपोर्ट चुकवतो. तशीही बायोटीनची कमतरता क्वचितच असते, पोट भरून जेवणाऱ्याला त्याने केस येतात याला फारसा पुरावा नाही.

आता उपाय. वंशाच्या पातळपणावर पहिला मिनॉक्सिडिलच, बायकांना ५ टक्के दिवसातून एकदा किंवा २ टक्के दोनदा, टाळूला लावायचं, केसांना नाही, हात धुवायचे नाहीतर कपाळावर लव येते, किमान ४-६ महिने. घरात मांजर असेल तर फार जपा, तिच्यासाठी ते विष आहे. खाज येत असेल तर लिक्विडऐवजी फोम. कमी डोसच्या गोळ्याही आम्ही हल्ली देतो, पण बीपी बघून, पाय सुजतात, धडधडतं कुणाकुणाला. बायकांत काही वेळा स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) देतात. लेझर कंगवे आणि टोप्या काहींना थोड्या लागू पडतात, तात्यांना नाही पडला. पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त फिरवून त्यातल्या प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचणं. काहींना फरक पडतो, पण रक्त किती वेगाने फिरवायचं, किती सेशन, कशातच एकवाक्यता नाही, आणि नंतरही अधूनमधून घ्यावं लागतं. मिनॉक्सिडिलला जोड म्हणून ठीक. डेंगीच्या गळतीवर, जी आपोआप थांबणार आहे, ६ सेशन विकणं मला पटत नाही. चौथ्या सेशनला केस थांबतात आणि श्रेय सुईला जातं.

एक विचारायचं राहिलं. दुसऱ्या बाळाचा विचार आहे का? मिनॉक्सिडिल आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही गरोदरपणात चालत नाहीत, अंगावर पाजतानाही टाळतात.

कोंडा असेल तर तेल बंद, कोंड्याच्या बुरशीला ते खाऊ असतं. केटोकोनॅझोलचा (बुरशी मारणारा) शाम्पू आठवड्यातून दोनदा, ५ मिनिटं ठेवून.

पिठलंभाकर_खामगाव

राजेहो, केस गळण्याचं आम्हाले नका विचारू. जानेवारी २०२५ आठवतो का, शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा, एकेका गावात माणसं ३-४ दिवसांत टकली झाली. मुठीत धरले की केस हातात. टीव्हीवाल्यांनी 'टक्कल व्हायरस' नाव ठेवलं, माझ्या ओळखीतल्या एका घरी तर पाहुणे यायचे बंद झाले. आधी पाण्याले दोष दिला, मग बुरशी म्हणे, मग आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) टीम आली. नंतर महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, ते विंचू चावल्यावरच्या इलाजावाले, त्यांनी सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाचं खनिज लय जास्त आहे. पुढं काहींची नखं बी गेली. ताई तुमचं काही तसं नाही दिसत, तुमचं महिन्यांचं आहे, आमचं दिवसांचं होतं. पण 'केस जातात म्हणजे अंगात काहीतरी कमी आहे' असंच नसते, जास्त झाल्यानंबी जातात हे त्यातून कळलं.

कातडीबचावू

@पिठलंभाकर, बरोबर मुद्दा काढलात. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ए दोन्ही जास्त झालं की केस जातात, आणि केसांसाठीच्या कित्येक गोळ्यांत सेलेनियम असतं. ताई, गमीजच्या डबीमागचं लेबल वाचा एकदा.

लंडनची_मनू

पाण्याबद्दल. इथे लंडनचं पाणी इतकं जड आहे की किटलीत महिन्याभरात पांढरा थर बसतो, आणि इथे आलेला प्रत्येक भारतीय ३-४ महिन्यांत पाण्याच्या नावाने खडे फोडतो. मीही फोडले, ६० पौंडांचा शॉवर फिल्टर घेतला, नंतर कळलं तो क्लोरीन काढतो, जडपणा तसाच राहतो. केस राठ होतात, गुंततात, तुटतात हे खरं, पण मुळातून गळण्याचं कारण वेगळं निघालं. आल्या आल्या घर शोधणं, नवीन नोकरी, डब्यात रोज टोस्ट, ८ किलो वजन गेलं होतं, आणि ऊन नाही म्हणून डी तळाला. डॉक्टर म्हणतायत तेच ३ महिन्यांचं गणित, फक्त माझा 'ताप' म्हणजे व्हिसा होता.

अंबाडा_घट्ट

माझं वेगळंच. १२ वर्षं भरतनाट्यम, कपाळावरचे केस ताणून ताणून अंबाडा, आता दोन्ही कानशिलांवर केस नाहीत, लव सुद्धा नाही. डॉक्टर म्हणाल्या लवकर सैल सोडले असते तर आले असते, आता तिथली मुळंच गेलीत. शाळेत मुलींच्या दोन घट्ट वेण्या घालणाऱ्या आयांनो, वाचताय ना.

नवाकोरा_बाबा

थोडं अवांतर, पण दाढीत चवलीएवढी गोल चाई पडलीय, एकदम गुळगुळीत. आजी म्हणते चाईचा किडा खातो रात्री. गूळ लावू का कांदा?

कातडीबचावू

किडा नसतो हो. आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळावर उठते, त्याला चाई म्हणतात. वरच्या गळती आणि पातळपणा दोन्हींशी याचा संबंध नाही आणि एखादी छोटी चकती पुष्कळदा आपोआप भरते, नाहीतर तिथे स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात. कांद्याच्या रसावर एक छोटा अभ्यास झालाय तो चाईवरच, तात्यांच्या टकलावर नव्हे. पसरत गेली तर मात्र थांबू नका, आता त्यासाठी नवीन गोळ्याही आहेत, बॅरिसिटिनिब २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. लहान मुलाच्या डोक्यात अशी चकती असेल आणि त्यावर खपल्या असतील तर तो गजकर्ण असू शकतो, त्यावर औषध पूर्ण वेगळं.

भांगातली_वाट

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी क्लिनिकमध्ये पण बोललं नव्हतं. रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ११.२, थायरॉइड नॉर्मल, डी १४, आणि फेरिटिन ९!! चिमटीत ११ केस आले, सगळ्यांना पांढरी गाठ. लेबल वाचलं, गमीजमध्ये सेलेनियम आहे, डबी मैत्रिणीला परत केली, ती जरा फुगलीय.

आणि हो, दुसऱ्या बाळाचं चाललंय डोक्यात, पुढच्या वर्षी बघू असं ठरलं होतं.

कातडीबचावू

९ म्हणजे डबा रिकामाच आहे. लोहाची गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्या, चहासोबत घेऊ नका, आधी-नंतर तासभर चहा नको, लिंबूपाणी चालेल. शौच काळी होते, घाबरू नका. डी पण भरून काढा. बाळाआधी लोह भरलेलं असणं तसंही चांगलं. मिनॉक्सिडिलची घाई नाही, पातळपणा वर्षानुवर्षं सावकाश चालतो, बाळ आणि पाजणं झाल्यावर सुरू करता येईल. नाहीतर बाळ पुढे ढकलणार असाल तर आत्ता. हे तुम्ही आणि नवऱ्याने ठरवायचं, यावेळी खरंच विचारून सांगा :)

माका_जास्वंद

तेल लावू नको म्हणजे काय, कोंडा नसेल तर लाव गं.

कातडीबचावू

काकू, खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, यावर २००३ मध्ये मुंबईच्या एका तेल कंपनीच्या संशोधकांनीच अभ्यास केलाय, तेवढं मी मानतो. नवीन केस उगवत नाहीत तेलाने. रात्रभर ठेवून चोळ चोळ चोळू नका, गळणारे लवकर गळतात इतकंच.

भांगातली_वाट

अपडेट द्यायचं राहून गेलं, एप्रिल उजाडला. गळणं जानेवारीच्या शेवटी जवळजवळ थांबलं, कपाळावर आणि कानामागे नवीन आखूड केस उभे राहिलेत, मुलगा म्हणतो आई तुला करंट लागला का. फेरिटिन ३४ वर आलंय, गोळी अजून चालू आहे, बद्धकोष्ठाने जीव नकोसा केलाय पण असो. भांग तेवढाच आहे. नवऱ्याशी बोलले, बाळ आधी, बाटली नंतर. तोवर मधला भांग सोडून बाजूने नागमोडी काढतेय, आणि टाळूवर भुरभुरवायचं ते केराटिन फायबर आणलं, चाळणीसारखी डबी असते ना ती. पहिल्यांदा लावलं तेव्हा आरशात बघून १० मिनिटं नुसती उभी होते.

तात्या, तुम्ही लावलंय का कधी? पावसाळ्यात टिकतं का ते?

टकलू_तात्या

लावलंय. हलक्या सरीत टिकतं, वरून स्प्रे मारला तर अजून थोडं. जुलैत दादरला मित्राच्या साखरपुड्याला गेलो होतो, छत्री उलटी झाली, हॉलमध्ये पोचेपर्यंत पांढऱ्या शर्टवर दोन्ही खांद्यांवरून काळे ओघळ. मुलीकडच्यांना वाटलं मी मांडवाच्या कामावरचा माणूस, एकाने चहा नेऊन ठेवायला सांगितला. ठेवला मग. जूनपासून ओढणी जवळ ठेवा.